‘पाहू’च्या भरवशावरचा ‘हो’

माणसाने भाषा शोधली ती उत्तर देण्यासाठी, असा एक गैरसमज विद्वानांत पसरलेला आहे. उत्तर द्यायला भाषा कशाला लागते? मान वरखाली केली की हो झालं, आडवी केली की नाही झालं. या दोहोंच्या मधला जो विशाल, सुपीक, बारमाही ओलिताचा प्रदेश आहे, तिथे मात्र मानेचं काम नाही, तिथे शब्दच पाहिजे. वर्धा जिल्ह्याने तो शब्द फार पूर्वीच शोधून, घासूनपुसून ठेवलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘पाहू’.

परक्या माणसाला ‘पाहू’ हा नकार वाटतो. हा त्याचा अडाणीपणा. ‘पाहू’ हा नकार नव्हे, आणि होकार तर नव्हेच नव्हे. नुसतं ‘पाहू’ म्हणजे विषय कानावर आला. ‘पाहू ना’ म्हणजे एका कानाने आला आणि दुसऱ्याने गेला. ‘पाहून घेऊ’ म्हणजे वेळ येईल तेव्हा मी बाहेरगावी असेन. आणि ‘पाहू म्हनलं नं बाप्पा’ म्हणजे आणखी एकदा विचाराल तर आपले संबंध बिघडतील. (‘उद्या सकाळी पाहतो’ असं ठोस वाक्य देवळी तालुक्यात एकदा बोललं गेल्याचं जुने लोक सांगतात, पण तो माणूस पाहुणा होता.) एका अंदाजानुसार, आणि अंदाज आमचाच आहे, जिल्ह्यात दिलेल्या दर दहा उत्तरांपैकी नऊ ‘पाहू’ असतात, आणि दहावं उत्तर विचारणाऱ्याला नीट ऐकू आलेलं नसतं. तरीही जिल्हा चालतो. बस सुटतात, लग्नं लागतात, कापूस बाजारात येतो.

तर या जिल्ह्यात, देवळीच्या एका महाविद्यालयात (नाव सांगत नाही, संस्थाचालक बदलले की तेही बदलतं), धीरज नावाचा तरुण संगणक कक्ष सांभाळत होता. साल दोन हजार सहा. त्याचा हुद्दा ‘तात्पुरता संगणक सहायक’ असा होता, आणि त्या हुद्द्यात कायम असा एकच शब्द होता, तो म्हणजे ‘तात्पुरता’. पोरगा कामाला चांगला, स्वभावाने त्याहून चांगला. कोणाला ‘नाही’ म्हणायला त्याची जीभच रेटत नसे. त्याची आई अनुसयाबाई म्हणायची, “माया धीरज भिकाऱ्यालेई नाई म्हनत नाई. देत नाई, पन नाई म्हनत नाई.”

धीरज कायम होण्यावर एक मोठी गोष्ट अडून होती. त्या गोष्टीचं नाव पौर्णिमा. आंजी मोठी या गावात भैयाजींचं खत-बियाण्यांचं दुकान. पौर्णिमा ही भैयाजींची मुलगी. सावंगीच्या दवाखान्यात रक्ततपासणीच्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होती. दोघांची ओळख वर्ध्याच्या कॉम्प्युटर क्लासात झाली. धीरजने तिला लग्नाचं विचारलं, तेव्हा ती तिथल्या तिथे ‘हो’ म्हणाली. धीरज इतका गांगरला की त्याने पुन्हा विचारलं. कारण उघड आहे. पौर्णिमेत एक जन्मजात व्यंग होतं, तिला ‘पाहू’ म्हणता येत नसे. हो तर हो, नाही तर नाही. घरच्यांनी पुष्कळ उपाय करून पाहिले, पण शिक्षणाने दुखणं वाढतच गेलं.

अनुसयाबाई रीतसर बोलणी करायला आंजीला गेल्या. भैयाजींनी चहा पाजला, पोह्यांवर तर्री वाढली, पोराचं कौतुक केलं आणि म्हणाले, “पोरगं लाखात एक हाये, बाई. कायम होऊ द्या, मंग पाहू.” दरम्यान नागपूरचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा बँकेत, कायम. त्या लोकांना दिवाळीपर्यंत उत्तर हवं होतं. भैयाजींनी त्यांनाही ‘पाहू’ म्हटलं. पण तो ‘पाहू’ जरा गोड आवाजातला होता, असं ऐकणाऱ्यांचं मत पडलं.

इकडे प्राचार्य प्रभाकररावांनी धीरजला सांगितलं, “दिवाळीआधी विद्यापीठाची समिती येऊन राहिली. संगणक कक्ष बघून समिती खूश झाली, की तुमच्या कायमचं पाहू.”

म्हणजे भैयाजी प्राचार्यांकडे पाहत होते, प्राचार्य समितीकडे पाहत होते, आणि समिती यायची होती. धीरजने मात्र पौर्णिमेला ‘हो, करू आपण लग्न’ असं छातीठोक सांगून टाकलं होतं. प्रेमात पडलेला माणूस हिशेब करत नाही, हे मानलं पाहिजे.

समितीला खूश करण्यात अडचण होती ती विजेची. त्या काळी भारनियमन होतं. वीज केव्हा जाणार याचं छापील वेळापत्रक असे, आणि वीज ते न वाचताच जात असे. वीज गेली की कक्षातलं मुख्य यंत्र धाडकन बंद पडायचं, आणि पुन्हा सुरू झालं की त्याच्या पोटातल्या काही फाइली चिवडा होऊन बाहेर यायच्या. एकदा बी.ए. प्रथम वर्षाची अख्खी हजेरी गेली. (मुलांनी हे दुःख धीराने सोसलं.) जनरेटर आणावा, असं धीरजने सुचवलं होतं. त्यावर प्राचार्य काय म्हणाले, हे आता वाचकांना सांगायला नको.

शोधता शोधता धीरजला इंटरनेटवर एक नवी वस्तू सापडली. फाइली साठवण्याची नवी पद्धत. वीज कितीही वेळा गेली तरी फाइल सांडणार नाही, असा तिचा दावा होता. तिचं नाव ‘ग्रॅनरी’, म्हणजे धान्याचं कोठार. धीरज तिला कणगी म्हणू लागला, आणि आपणही तेच म्हणू. जगभरातले लोक ती फुकट, हौसेने तयार करत होते. याला मुक्त स्रोत म्हणतात. मुक्त स्रोत म्हणजे गावचा भंडारा. कोणीही यावं, जेवावं, वाढावं; भाजी अळणी वाटली तर मीठसुद्धा टाकावं, फक्त टाकण्याआधी सगळ्या पंगतीची परवानगी घ्यावी. या भंडाऱ्याचा मुख्य आचारी एस्टोनिया देशातला तूमास नावाचा गृहस्थ होता. त्याच्या देशात वीज जात नसे. त्यामुळे कणगीची परीक्षा घ्यायला बिचाऱ्याला स्वतः उठून वायर काढावी लागे. देवळीत हे काम वीज मंडळ विनासायास करत होतं.

कणगी यंत्रात बसवायची तर आधी कर्नल नव्याने बांधावा लागतो. कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला मुख्य भाग. तो सगळ्यांना कामं वाटून देतो आणि स्वतः कुठेही दिसत नाही. (प्राचार्यांशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा.) बांधण्याआधी कर्नल प्रश्न विचारतो. हा भाग हवा का? तो भाग हवा का? असे शेकड्यांनी प्रश्न. आणि प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं चालतात. वाय, एन आणि एम. वाय म्हणजे हो, हा भाग पहिल्यापासून पोटातच असू द्या. एन म्हणजे नाही, नकोच. आणि एम म्हणजे आत्ता नको, बाहेर, इतर फाइलींबरोबर कणगीत ठेवा, गरज पडली की हाक मारू.

धीरजने एमचा हा अर्थ वाचला, पुन्हा वाचला, आणि त्याचा ऊर भरून आला. कुठला तो परदेश, कुठली ती माणसं! “आबे,” तो एकटाच मोठ्याने म्हणाला, “हे तं ‘पाहू’ हाये!”

आता इथेच ती चूक झाली, जी जगात दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याच्या माणसाकडून झाली नसती. बाकीचं जग हे प्रश्न वाचत बसत नाही. आधीच कोणीतरी दिलेली उत्तरं जशीच्या तशी घेतं. धीरजने प्रत्येक प्रश्न आदराने वाचला. एवढ्या दुरून कोणी आपल्याला विचारतंय, त्याला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणायचं? आणि एकदम ‘हो’ म्हणून अंगावर तरी कशाला घ्यायचं? जिथे जिथे एम चाललं तिथे तिथे त्याने एम दाबलं. कर्नल विचारत गेला, धीरज ‘पाहू’ म्हणत गेला. कणगीच्या प्रश्नाला मात्र त्याने वाय दाबलं, कारण ती तर हवीच होती.

कर्नल बांधून झाला. यंत्र सुरू केलं. पडद्यावर अक्षरं धावली आणि एकदम थांबली. शेवटच्या ओळीत ‘कर्नल पॅनिक’ असं लिहून आलं, आणि पुढे काही नाही. पडदा काळा.

प्राचार्य धावत आले. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि गंभीर झाले. “कर्नल घाबरले?” ते म्हणाले. “कर्नलच घाबरले तर आपली काय कथा?”

पुलगावला सैन्याचा मोठा डेपो आहे, त्यामुळे कर्नल ही काय चीज असते हे जिल्ह्यात सर्वांना माहीत आहे. धीरजने समजावायचा प्रयत्न केला की हा कर्नल वेगळा. प्राचार्य म्हणाले, “वेगळे असले तरी कर्नल ते कर्नल,” आणि त्यांनी परिस्थिती हाती घेतली. त्याच दिवशी परिपत्रक निघालं. संगणक कक्षात चपला घालून येण्यास मनाई करण्यात येत आहे. यंत्राचं तोंड दक्षिणेकडे असल्याचं निदर्शनास आल्याने ते पूर्वेकडे करण्यात यावं. नारळ फोडण्यात यावा (पाणी यंत्रावर उडणार नाही याची दक्षता घ्यावी). तसेच प्रकरणाच्या मुळाशी जाण्यासाठी द्विसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात येत आहे. समितीत इतिहासाचे एक प्राध्यापक होते, कारण जे झालं ते झालेलं होतं. आणि क्रीडा शिक्षक होते, कारण यंत्र उठत नव्हतं. समितीने दोन बैठकांत यंत्र बंद असल्याचा निष्कर्ष एकमताने काढला.

कणगी काढून जुनंच बसवता आलं असतं. पण मग विद्यापीठाच्या समितीपुढे वीज गेली की पुन्हा चिवडा, आणि चिवड्याबरोबर कायम नोकरी, भैयाजींचा मांडव, सगळंच. धीरजचं जेवण सुटलं. तो उतरल्या तोंडाने सावंगीला गेला. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर पौर्णिमा डबा खाऊन चहाला आली होती.

“सुरू झाली का मशीन?” तिने विचारलं.

“पाहू,” धीरज म्हणाला.

पौर्णिमेने कप खाली ठेवला. “तुमी एक सांगा मले. नागपूरवाल्यायले मी ‘नाई’ म्हनून देल्लं काल, बाबाले न इचारता. कोणाच्या भरवशावर? तुमच्या ‘हो’च्या. अन् तुमचा ‘हो’ कायच्यावर हाये? प्राचार्याच्या ‘पाहू’वर. मंग मी उभी कायच्यावर हाये, सांगा बरं?”

धीरज तिच्याकडे पाहत राहिला. तोंड उघडं. पौर्णिमेला वाटलं, आता हा काहीतरी काळजाचं बोलणार. तो बोलला, “मापारी!”

“कोन?”

“मापारी ‘पाहू’वर हाये! कणगी ‘हो’वर अन् मापारी ‘पाहू’वर!” असं ओरडून तो देवळीच्या बसमागे धावत सुटला. पौर्णिमेने दोघांचाही चहा पिऊन टाकला. चहा टाकून देणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मापारी कोण, ते सांगितलं पाहिजे. बाजार समितीत जो माल तोलतो तो मापारी. कणगीतही असाच एक मापारी असतो. फाइल आत टाकताना तो तिचं वजन करून ठेवतो, आणि बाहेर काढताना पुन्हा तोलतो. वजन जुळलं तरच माल शुद्ध. म्हणूनच वीज गेली तरी कणगी फसत नाही. मापाऱ्याशिवाय कणगीचं झाकणदेखील उघडत नाही. मापाऱ्याबद्दलही कर्नलने प्रश्न विचारला होता, आणि धीरजने सवयीने ‘पाहू’ म्हटलं होतं. म्हणून मापाऱ्याला बाहेर ठेवलं, म्हणजे कुठे? कणगीत. आता यंत्र सुरू झालं की कणगी म्हणायची, मापाऱ्याला बोलवा, मग मी उघडते. आणि मापारी कणगीच्या आत झोपलेला. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप. अशा वेळी कर्नल घाबरणार नाही तर काय करेल?

धीरजने मापाऱ्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, कर्नल पुन्हा बांधला, आणि यंत्र उठलं. त्या दुपारी वीज मंडळाने चार वेळा वीज घालवून पुरेपूर सहकार्य केलं. एकही फाइल सांडली नाही. प्राचार्यांनी नारळाला श्रेय दिलं.

दुसरा कोणी असता तर इथे हात धुऊन मोकळा झाला असता. पण धीरजच्या मनात पौर्णिमेचं ते वाक्य रुतून बसलं होतं. चूक आपली एकट्याची नव्हती. ‘माझं मापाऱ्यावाचून चालत नाही’ हे कणगीने कर्नलला कधी सांगितलंच नव्हतं! मनातल्या मनात ठेवलं होतं, मुलीकडचे ठेवतात तसं. उद्या दुसरा कोणी सभ्य माणूस मापाऱ्याला ‘पाहू’ म्हणेल, आणि त्याचाही पडदा काळा होईल. कदाचित त्याचंही कुठे लग्न अडलेलं असेल. म्हणून धीरजने दुरुस्ती लिहिली. एकच ओळ. कणगीला ‘हो’ म्हटलं की मापाऱ्यालाही आपोआप ‘हो’ झालं असं समजावं; पुन्हा विचारू नये. ती ओळ त्याने साऱ्या भंडाऱ्याला पाठवली आणि खाली मोडक्यातोडक्या इंग्रजीत कारण दिलं, की ‘हो’ म्हणणाऱ्याला ‘पाहू’च्या भरवशावर उभं राहू देऊ नये.

जगाने या एका ओळीची गंभीर दखल घेतली. एका देशातून उत्तर आलं की इतक्या प्रश्नांना एम म्हणणारा माणूस असूच शकत नाही. दुसऱ्या देशातून आलं की दोष कणगीत नसून माणसात आहे, दुरुस्ती तिथे करावी. तिसऱ्याने विचारलं की ओळीच्या सुरुवातीला सोडलेली जागा नियमाप्रमाणे सोडली आहे का. मग दोन पक्ष पडले. मापाऱ्याला कान धरून ओढून आणावं, असा एक पक्ष. तो स्वतःहून येईपर्यंत कणगीने अडून बसावं, असा दुसरा. पत्रांवर पत्रं. जुनी भांडणं निघाली. कोणीतरी कोणाला तरी दहा वर्षांपूर्वी काय म्हणालं होतं, तेही निघालं. धीरजला अगदी घरच्यासारखं वाटू लागलं.

शेवटी मुख्य आचारी तूमास बोलला. त्याने लिहिलं की कल्पना चांगली दिसते, सवड झाली की नजर टाकीन. आणि गप्प झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. धीरजने ते पत्र पौर्णिमेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “हे तं ‘पाहू’ हाये.”

“इंग्रजीत हाये नं पन,” धीरज म्हणाला.

“मंग काय झालं? तुमी त्याले लिहा, का हो म्हन नाई तं नाई म्हन. अन् प्राचार्यालेई तसंच इचारजा तुमी. मी नाई का नागपूरवाल्यायले सांगतलं?”

तेवढ्यात विद्यापीठाची समिती आली. अध्यक्षांनी यंत्राला हात लावला आणि वीज गेली. कक्षात काळोख. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. वीज आली, यंत्र उठलं, फाइल जिथल्या तिथे. अध्यक्ष म्हणाले, “छान.” मग ते आलुबोंड्यांकडे वळले, आणि त्यांच्याबद्दलही ‘छान’ म्हणाले.

समितीची गाडी फाटकाबाहेर पडली तसा धीरज प्राचार्यांसमोर जाऊन उभा राहिला. “सर, मायं कायमचं?”

“पाहू ना,” प्राचार्य प्रसन्नपणे म्हणाले.

धीरज सवयीने दाराकडे वळला. पण त्याला टपरीवरचा तो चहा आठवला. “सर, हो का नाई?”

असा प्रश्न प्राचार्यांना अख्ख्या नोकरीत कोणी विचारला नव्हता. ते खुर्चीत मागे रेलले, मग पुढे झुकले, मग पंख्याकडे पाहिलं. शेवटी, अगदी हळू आवाजात, बहुधा खरं बोलण्याची सवय नसल्यामुळे, ते म्हणाले, “नाही. जागाच मंजूर नाहीये, धीरज. चार वर्षांपासून नाहीये.”

धीरज कक्षात परत येऊन यंत्रापुढे बसला. सगळं संपलं होतं. भैयाजींना काय सांगायचं? तिला काय सांगायचं? आता कुठल्याच उत्तराने आणखी काही बिघडणार नव्हतं, म्हणून रागाच्या भरात त्याने तूमासलाही लिहून टाकलं: हो की नाही? संध्याकाळच्या आत उत्तर आलं. ‘हो. घेतली. आभार.’ म्हणजे ती ओळ आता कणगीबरोबर कर्नलमध्ये जाणार होती. एकाच दिवशी एक स्वच्छ ‘नाही’ आणि एक स्वच्छ ‘हो’. सरासरी काढली तर पुन्हा ‘पाहू’च निघत होतं.

दिवाळी तोंडावर आली. नागपूरच्या लोकांना मुलीनेच नाही कळवलंय हे भैयाजींना समजलं होतं, आणि आंजीच्या दुकानातून त्यांचा आवाज बस थांब्यापर्यंत येत होता. पौर्णिमेने धीरजला आणि अनुसयाबाईंना घरी बोलावून घेतलं. भैयाजी गादीवर बसलेले. त्यांनी सरळ विचारलं, “काय म्हन्ता धीरजबाबू? कायम झाले का?”

धीरज काही बोलण्याआधी पौर्णिमाच बोलली. “झाले.”

“कुठीसा?”

“कर्नलमधी नाव लागलं त्यायचं.”

भैयाजी ताठ बसले. “पुलगावच्या?”

“साऱ्या जगात एकच हाये, बाबा.”

धीरजला राहवलं नाही. “काकाजी, तो कर्नल म्हंजे माणूस नाई. कॉलेजात मी तात्पुरताच हाओ अजून. जागाच नाई तिथं. फक्त मायी एक ओळ तेवढी—”

“थांबा,” भैयाजी म्हणाले. “नाव लागलं का नाई लागलं?”

“लागलं.”

“उद्या कोनी काढून टाकलं तं?”

“काढता येत नाई, काकाजी. ओळ बदलली तरी कोनी लिहिली ते राह्यते. जिथं जिथं कर्नल जाईन तिथं तिथं ते नाव जाईन.” आणि मग धीरज घुटमळला, कारण आता एक गोष्ट कबूल करणं भाग होतं. “त्याच्यात अशी रीत असते, का दोष ज्याच्यामुळं सापडला त्याचंई नाव खाली लिहा लागते. म्हनून मी पौर्णिमेचं लिहिलं.”

अनुसयाबाईंनी पदर सावरला.

“म्हंजे,” भैयाजी सावकाश म्हणाले, “तुयं अन् पौर्णिमेचं नाव. एका खाली एक. साऱ्या जगात वाटून झालं.”

“हो.”

“पत्रिकेवानी.”

“हो, काकाजी.”

“अन् वापस घेता येत नाई.”

“नाई.”

भैयाजींनी पौर्णिमेकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, पण हाताची बोटं ओढणीत गुंतली होती, आणि ते बापाला दिसलं. बियाण्यांच्या धंद्यात आयुष्य गेलेला माणूस. पेरलेलं परत गोळा होत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. त्यांचे ओठ सवयीने ‘पा’च्या आकारात आले, तसेच थांबले. मग ते म्हणाले, “हो म्हना लागते मंग.”

अनुसयाबाई रडायलाच लागल्या. आंजीत त्या दिवशी काय घडलं हे कळायला गावाला दोन दिवस लागले, कारण ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना.

लग्न झालं. आमंत्रण दिलेल्या प्रत्येकाने ‘पाहू’ म्हटलं होतं, म्हणून आचाऱ्याने स्वयंपाक कमी धरला. अनुसयाबाईंनी त्याला दटावलं, “पाहू म्हनलं म्हंजे येतेच ते. हो म्हननाऱ्याचा भरवसा नसते.” आणि खरोखरच सगळे आले, पुरी थोडी कमी पडली. धीरज आजही तात्पुरताच आहे. कणगी जगभर चालते. ती ओळ तिच्यात आहे, आणि त्या एका बाबतीत तरी आता कोणी ‘पाहू’च्या भरवशावर ‘हो’ म्हणू शकत नाही.

राहता राहिले वाचक. इथवर आपण वर्धा जिल्ह्याला मनसोक्त हसलात, त्याबद्दल तक्रार नाही. जिल्ह्याला सवय आहे. फक्त एवढंच, की कुठेतरी एक माणूस बसलेला आहे. त्याने तुम्हाला काहीतरी विचारलं होतं, आणि तुम्ही म्हणालात ‘पाहू’. (तुमच्याकडे ‘बघू’ म्हणत असतील. जास्त शिकला असाल तर ‘कळवतो’.) तुमच्या त्या शब्दाच्या भरवशावर तो तिसऱ्या कोणाला तरी ‘हो’ म्हणून बसला आहे, आणि काळ्या पडद्याकडे पाहतो आहे. तुम्हाला तो आठवलाही असेल, आत्ता, हे वाचताना. मग आज त्याला कळवून टाकता का? हो किंवा नाही, एक काहीतरी?

राहू द्या. ऐकू आलं.